आप्पा, इथल्या एका बासरीवाल्याबद्दल लिहितेय

क्लुज, रोमानिया

तीर्थरूप आप्पा, साष्टांग नमस्कार. आईलापण नमस्कार सांगा.

फोनवर तुम्ही विचारलंत की तिकडं गाणंबजावणं काही आहे का नुसतं कॉम्प्युटरच, तेव्हा मीटिंग चालू होती म्हणून धड बोलता आलं नाही. आज रविवार आहे, बाहेर पाऊस आहे, सविस्तर लिहिते. आणि लिहिण्यासारखं खरंच आहे, कारण गेले काही महिने मी एका माणसाच्या मागं लागलेय. तो आता हयात नाही, २०१० मध्ये गेला, पण तो फ्लूट वाजवायचा आणि आयुष्यभर लोकसंगीतावर लिहायचा, त्यामुळं मला पहिल्या दिवसापासून तुमचीच आठवण येतेय.

त्यांचं नाव लास्लो फेरेंत्स. हंगेरियन लोकांत आडनाव आधी लावतात, म्हणजे लास्लो हे आडनाव. जन्म १९३७ चा, ह्याच गावातला. पण आधी हे गाव काय आहे ते सांगते, नाहीतर पुढचं लक्षात येणार नाही. आज हे रोमानियात आहे, पण पहिल्या महायुद्धापर्यंत हा सगळा ट्रान्सिल्व्हेनियाचा भाग हंगेरीच्या राज्यात होता आणि ह्या गावाला हंगेरियन लोक अजून कोलोझ्वारच म्हणतात. १९२० मध्ये त्रियानोंचा तह झाला, सीमा सरकली, आणि लाखो हंगेरियन माणसं आपापल्या घरात बसल्याबसल्या दुसऱ्या देशात गेली. निपाणीच्या मामांना हे वेगळं समजावून सांगायला नको! आजही रोमानियात दहा लाखाच्या आसपास हंगेरियन आहेत. आमच्या गावात दोन ऑपेरा आहेत, एक रोमानियन आणि एक हंगेरियन, आणि दोन्हीकडं लोक जातात. पण सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं हो, १९९२ ते २००४ इथं एक महापौर होता त्यानं रस्त्यावरची बाकडीसुद्धा रोमानियन झेंड्याच्या तीन रंगांत रंगवून घेतली होती, आणि गावाच्या वेशीवर हंगेरियन नावाचा बोर्ड लागायला २०१७ उजाडलं.

तर अशा गावात हा माणूस अल्पसंख्याक म्हणून जन्मला, इथंच फ्लूट शिकला, आणि पुढं इथल्याच गेओर्गे दिमा संगीत अकादमीत शिकवायचा. मोझार्टवर जीव होता, रोमानियन मोझार्ट सोसायटी त्यांनीच सुरू केली. पण त्यांचं खरं काम म्हणजे बार्तोक.

बार्तोक बेला तुम्हाला ऐकून माहीत असेल, हंगेरीचा सगळ्यात मोठा संगीतकार. त्याचा जन्म १८८१ चा आणि तो ज्या गावात जन्मला तेपण आज रोमानियातच आहे. ह्या माणसानं संगीत रचलं ते आहेच, पण मला जास्त भारी वाटतं ते म्हणजे तो फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी फिरायचा. मेणाच्या नळकांड्यांवर रेकॉर्डिंग व्हायचं, एका नळकांड्यावर दोनचार मिनिटंच, आणि मग घरी येऊन तो तेच परत परत ऐकून गाणाऱ्याची एकेक हरकत, एकेक मुरकी कागदावर उतरवायचा. कुठलं गाव, कोण गायलं, वय काय, सगळं लिहून ठेवायचा. आणि हंगेरियनच नाही, स्लोवाक, रोमानियन, नंतर अल्जेरियात बिस्क्राला जाऊन अरबी, तुर्कस्तानात जाऊन तुर्की. रोमानियन गाणी तर साडेतीन हजाराच्या आसपास जमवली. १९०९ मध्ये बिहोर भागात ते काम सुरू झालं तेव्हा बेयुशचे एक रोमानियन मास्तर, योआन बुशित्सिया, त्यांनी त्याला मदत केली, घरी उतरवून घेतलं, आणि दोघांची दोस्ती कायमची झाली. बिहोरच्या गाण्यांचं पुस्तक १९१३ मध्ये बुखारेस्टच्या रोमानियन अकादमीनं छापलं.

आणि मग काय झालं, तर दोन्हीकडून जोडे. १९२० मध्ये, तहाच्या त्या जखमेच्या वर्षी, हुनेदोआरा भागातल्या रोमानियन गाण्यांवरचा त्याचा लेख जर्मनमध्ये छापून आला तर बुडापेस्टच्या पेपरांनी त्याला देशद्रोही ठरवायचंच बाकी ठेवलं. आणि १९३० च्या दशकात इथल्याच, क्लुजच्याच एका रोमानियन प्राध्यापकानं, कोरियोलान पेत्रानु त्याचं नाव, उलटा आरोप केला की हा रोमानियन संगीतावर अन्याय करतो. बार्तोकनं त्याला मुद्देसूद उत्तर दिलं. कोलिंदा म्हणजे इथली नाताळातली गाणी, त्यांचं पुस्तक कुणी छापेना तर १९३५ मध्ये व्हिएन्नात पदरचे पैसे घालून छापलं. असा माणूस, आप्पा.

आता लास्लोंनी काय केलं ते बघा. बार्तोकला हंगेरियन म्हणणार, आमचा आहे आमचा आहे, आणि रोमानियन म्हणणार, आमची गाणी नेली. मधे हा फ्लूटवाला बसला आणि दोघांना सांगत राहिला की अरे दोघांचाही आहे, हे घ्या कागद, ही घ्या पत्रं. १९७० च्या सुमारास बुखारेस्टमध्ये क्रितेरियोन नावाचं प्रकाशन निघालं, अल्पसंख्याकांच्या भाषांतली पुस्तकं काढायला, हंगेरियन, जर्मन, सर्बियन, यिदिश वगैरे. चाउशेस्कू ह्या कम्युनिस्ट हुकूमशहाचा काळ, छापायच्या आधी प्रत्येक गोष्ट वरून तपासून यायची. त्या काळात ह्यांनी बार्तोकवर एकामागून एक पुस्तकं काढली. १९७४ मध्ये बार्तोकची ९९ पत्रं निवडून एक छोटंसं पुस्तक काढलं, ते मला इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालं. लहान आकाराचं आहे, पानं पिवळी पडलीत, आधीच्या मालकानं पेन्सिलीनं बारीक खुणा केल्यात. मला हंगेरियन येत नाही, पण ऑफिसमध्ये एक जण आहे, इथलीच हंगेरियन, ती जेवणाच्या सुट्टीत मला एकेक पत्र रोमानियन-इंग्लिश मिसळून सांगते. तिच्या आजोबांच्या कपाटात हेच पुस्तक होतं म्हणे.

१९८४ मध्ये आणखी एक काढलं त्यांनी, त्यात तिघांवर लिहिलंय, बार्तोक, एनेस्कू आणि कोदाय. एनेस्कू म्हणजे रोमानियाचा सगळ्यात मोठा संगीतकार, आणि कोदाय हंगेरीचा संगीतकार. बार्तोक आणि एनेस्कू दोघं १८८१ चे, कोदाय १८८२ चा. शंभरी झाली तेव्हा बुडापेस्टमध्ये बार्तोकचे हार-तुरे, बुखारेस्टमध्ये एनेस्कूचे, आणि इथं ह्या माणसानं दोघांना एकाच पुस्तकात शेजारी शेजारी बसवलं. ते दोघं खरंच शेजारी बसलेले पण, १९२४ मध्ये बुखारेस्टला बार्तोकची व्हायोलिन सोनाटा एनेस्कूनं वाजवली आणि पियानोवर स्वतः बार्तोक. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

आणि ते रोमानियन भाषेतही बार्तोकवर पुस्तकं लिहायचे. २००३ मधलं एक आहे, बानात (हा शेजारचा भाग) आणि ट्रान्सिल्व्हेनियातल्या रोमानियन लोकांचं संगीत आणि बार्तोक असा विषय. रोमानियन पुस्तकांवर त्यांचं नाव फ्रान्चिस्क लास्लो असं छापलेलं असतं, हंगेरियन पुस्तकांवर लास्लो फेरेंत्स. माझं म्हणणं असं आहे की आपल्या माणसांना आपल्या भाषेत आपला मोठेपणा सांगणं सोपं असतं, टाळ्या मिळतात. समोरच्यांच्या भाषेत जाऊन, पुरावे मांडून, तुमच्या गाण्यांवर ह्या माणसानं किती जीव टाकलाय ते सांगायला वेगळी छाती लागते, आणि तेही त्या बाकडी रंगवायच्या दिवसांत. मला त्यांच्याबद्दल फार फार आदर वाटतो. इथल्या तरुण पोरांना त्यांचं नाव माहीत नसतं ह्याचं वाईट वाटतं.

आता तुमच्या कामाचं. बार्तोकचे रोमानियन नाच म्हणून आहेत, १९१५ मध्ये पियानोसाठी केलेले, त्या बुशित्सिया मास्तरांनाच अर्पण केलेत. त्यातला दुसरा आणि तिसरा त्यानं इग्रिश गावात बासरीवर ऐकला होता, इथली खेड्यातली बासरी उभी धरून वाजवतात, तोंडाशी शिट्टीसारखी खाच असते, आपल्या बांसरीसारखी आडवी नाही. तिसऱ्याचं नाव पे लोक, म्हणजे जागच्या जागी करायचा नाच. तो नक्की ऐका. आमच्या इथं एका कार्यक्रमात तो फ्लूटवर ऐकला, आणि आप्पा, त्यात जी एक मोठी उडी आहे ना स्वरांत, भैरवात कोमल रे वरून शुद्ध ग ला जाताना असते तेवढीच, ती ऐकून मी खुर्चीत सरळ होऊन बसले. खाली ठेका अगदी धिमा, एकाच जागी हलत राहिल्यासारखा, आणि वर ही सुरावट. राग नाही तो, हे मला कळतं, पण तुम्ही ऐकून सांगा तुमच्या हातात काय येतंय. ताईला सांगा यूट्यूबवर लावून द्यायला, पियानोवरचा आणि फ्लूटवरचा, दोन्ही.

आणि अजून एक, कांताता प्रोफाना, बार्तोकचीच गाण्याची रचना. हे जड आहे, एकदम नका ऐकू. एका बापाचे नऊ मुलगे, त्यांना बापानं शिकारीशिवाय काहीच शिकवलं नाही, ते रानात जातात, एका पुलावरून जातात आणि त्यांची हरणं होतात. बाप शोधत येतो, बाण रोखतो, तेव्हा थोरला सांगतो, आम्ही आता घरी येणार नाही, आमची शिंगं दारातून मावणार नाहीत, आम्ही स्वच्छ झऱ्याचं पाणी पितो आता. ही रोमानियन कोलिंदा आहे, बार्तोकनं १९१४ मध्ये खेड्यात जाऊन उतरवून घेतली, स्वतः हंगेरियनमध्ये आणली आणि १९३० मध्ये त्यावर एवढी मोठी रचना केली. पुढच्याच वर्षी त्यानं एका रोमानियन अभ्यासकाला पत्रात लिहिलं की लोकांलोकांतला भाऊबंदपणा हाच माझा खरा विचार आहे, आणि त्यासाठी मी कुठल्याही उगमाचं घेतो, फक्त ते स्वच्छ असलं पाहिजे. लास्लोंचं सगळं काम मला ह्या एका पत्राच्या आसपास फिरताना दिसतं.

बाकी मी ठीक आहे, थंडी अजून गेलेली नाही, आईनं दिलेलं थालीपीठाचं भाजणीचं पीठ पुरवून पुरवून वापरतेय. तुमच्या गुडघ्याचं काय झालं ते ताई नीट सांगत नाही, तुम्हीच फोनवर सांगा. आणि पे लोक ऐकून झालं की तुमच्या बांसरीवर वाजवून बघा, सूर पांढरी चारचा घेतलात तरी चालेल, आणि ताईकडून मोबाईलवर रेकॉर्ड करून मला पाठवा. ऑफिसातल्या त्या मैत्रिणीला मी आधीच सांगून ठेवलंय की माझे आप्पा वाजवून पाठवणार आहेत, ती रोज विचारते.

तुमची,
मनू