पाने गळणाऱ्या संदर्भग्रंथांच्या बांधणीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
उत्पादन व ग्राहक सेवा विभाग

विषय: स्पर्धा परीक्षा संदर्भग्रंथाच्या 40 प्रतींची सदोष बांधणी, प्रती बदलून मिळणे किंवा पुनर्बांधणीचा खर्च मिळणे.

संदर्भ: तक्रारीला आलेले आपले ईमेल उत्तर.

महोदय,

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालय आहे. त्याला जोडून अभ्यासिका चालते. आसपासच्या खेड्यांतली आणि तांड्यांवरची लेकरे तलाठी, पोलीस भरती, एमपीएससीची तयारी करायला इथे येऊन बसतात. त्यांच्यासाठी दिवाळीनंतर आम्ही आपल्याकडून थेट 864 पानी संदर्भग्रंथाच्या 40 प्रती घेतल्या. आज त्यातल्या 27 प्रतींची पाने सुटली आहेत आणि 9 प्रतींची मुखपृष्ठे हातात आली आहेत.

आपले उत्तर असे की, हा उत्पादनातला दोष नाही; वाचकांची निष्काळजी हाताळणी आणि आमच्या भागातली उष्णता यांमुळे झालेली झीज आहे. हे उत्तर पुस्तक न पाहता लिहिलेले दिसते. म्हणून पुस्तकात काय दिसते तेच लिहितो.

कोणती पाने सुटली? 7 ते 10, 23 ते 26, 39 ते 42, 55 ते 58. पुढेही दर सोळा पानांनी हाच हिशेब. सुटतात तीही एकेक नव्हे; दोन-दोन पत्रे (दोन्ही बाजूंनी छापलेले कागद) घडीला जोडलेली, जशी छापखान्यात घडी पडली तशीच. सोळा पानी फर्म्याची (छापील तावाची घडी घालून होणाऱ्या सोळा पानांच्या गठ्ठ्याची) सर्वांत आतली जोडपत्री नेमकी याच आकड्यांवर येते. वाचणाऱ्याने पान ओढले असते तर ते कुठलेही निघाले असते. आमची लेकरे मोजून-मापून दर फर्म्याच्या पोटावरच जोर लावतात, असे आपले म्हणणे आहे काय?

खरे कारण सरळ आहे. परफेक्ट बाइंडिंगमध्ये (पाने न शिवता कण्याला गोंदाने चिकटवण्याच्या पद्धतीत) फर्म्यांच्या घड्या कापून प्रत्येक पत्रा सुटा करायचा असतो, तेव्हा कुठे प्रत्येकाच्या कडेला गोंद लागतो. आपल्या मशिनचा कटर आतल्या घडीपर्यंत पोहोचलाच नाही. एक तर मिलिंगची (कण्याकडची कड कापण्याची) खोली कमी ठेवली, नाहीतर फर्मे क्लॅम्पमध्ये (यंत्राच्या पकडीत) जाण्याआधी नीट ठोकून सारखे केले नाहीत आणि घडीत हवा राहून आतला पत्रा वरच राहिला. आतल्या जोडपत्रीला गोंदाचा स्पर्शही नाही. ती इतके महिने टिकली ती केवळ शेजारच्या पानांच्या दाबाने.

जिथे गोंद पोहोचला तिथली गोष्टही बरी नाही. गावातल्या बाइंडरचाचांनी माझ्यासमोर तीन प्रतींचे कणे उघडले. हॉटमेल्टची (वितळवून लावायच्या गोंदाची) पट्टी अख्खी सोलून निघाली आणि तिच्यावर कागदाचा एक धागाही नव्हता. ही खूण महत्त्वाची आहे. पकड चांगली असताना कुणी दांडगाईने पान उपटले, तर कागद फाटतो किंवा त्याचे तंतू गोंदावर राहतात. गोंद कोराच्या कोरा सुटला याचा अर्थ तो कागदाला धरलाच नव्हता. बोथट ब्लेडने कागदाची कड घासून गुळगुळीत झाली असेल, मिलिंगची धूळ ब्रशने आणि सक्शनने काढली नसेल, किंवा रोलरवरून कण्यापर्यंत येईस्तोवर गोंद थंड झाला असेल. तिन्हींपैकी काय झाले ते आपल्या बाइंडिंग विभागालाच ठाऊक.

पट्टीचा रंगही पाहा. एक तुकडा सोबत पाठवला आहे. इव्हीए हॉटमेल्ट (बांधणीत नेहमी वापरतात तो हॉटमेल्टचा प्रकार) साधारण 160 ते 180 अंशांवर लावतात आणि तो पांढरट किंवा फिकट पिवळा दिसतो. हा तपकिरी आहे, वाकवला की कटकन तुटतो. टाकीत तासन्‌तास तापत ठेवलेला, जुन्या करपलेल्या थरावर नवा ओतलेला गोंद असा होतो. टाकी वेळच्या वेळी रिकामी करून साफ करणे आणि जेवणाच्या सुट्टीत तापमान खाली आणणे, याला नवीन यंत्र लागत नाही.

मधले रंगीत नकाशांचे सोळा पानी आर्ट पेपरचे फर्मे तर पहिल्याच महिन्यात गठ्ठ्याने बाहेर आले. आर्ट पेपरवर खडूमातीचा लेप असतो. साधा हॉटमेल्ट त्या लेपाला चिकटतो, आतल्या तंतूंना नाही, आणि लेपच सुटून येतो. हे छपाईच्या धंद्यात कुणाला नवीन नाही. नकाशे मॅट मॅपलिथोवर (लेप नसलेल्या कागदावर) छापायचे, नाहीतर पीयूआर (पॉलियुरेथेन) गोंद वापरायचा. महाराष्ट्राचा नदीखोऱ्यांचा नकाशा ज्या पुस्तकातून गळून पडतो, ते पुस्तक भूगोलासाठी कुणी उघडावे?

मुखपृष्ठांबद्दल थोडक्यात. आतल्या बाजूला, जिथे कणा चिकटतो त्याच पट्टीवर, आपण जाहिरातीचा गडद निळा रंग छापला आहे. शाईच्या थरावर गोंद काय धरणार? ती जागा कोरी सोडायची असते. शिवाय साइड ग्लू (कण्यालगत दोन्ही बाजूंना लावायची गोंदाची अरुंद पट्टी) जवळजवळ नाहीच, आणि बिजागरीच्या रेघा (मुखपृष्ठ कुठे वाकावे यासाठीच्या दाबरेघा) मारलेल्या नाहीत, त्यामुळे मुखपृष्ठ उघडताना वाकते ते थेट कण्याच्या काठावर आणि तिथेच उचकटते.

आता उष्णतेचा मुद्दा. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42-43 पर्यंत जातो हे खरे. पण पहिल्या तक्रारी मे महिन्यातल्या नाहीत, पौषातल्या आहेत. परभणीकडची थंडी आपल्याला ठाऊक नसावी. सकाळी पारा एक आकडी होतो. अभ्यासिका पहाटे उघडते. त्या गारठ्यात हा ठिसूळ गोंद मधोमध तडकला आणि पुस्तके दोन भागांत उघडू लागली. उन्हाळ्याने नंतर उरलेले काम केले, कारण इव्हीए थंडीत ठिसूळ होतो आणि तापला की मऊ पडून पाने सरकू देतो. हे त्याचे गुणधर्मच आहेत. त्याची श्रेणी निवडताना पुस्तक कुठे विकायचे आहे हे पाहावे लागते. आपल्या जाहिरातीत मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत घरपोच सेवा असे छापले आहे. हवामान आमचे, पण माल आपला.

कागदाबद्दल एक गोष्ट राहिली. पाने कण्याजवळ लाटांसारखी उभी राहतात आणि पुस्तक टेबलावर उघडे राहत नाही. म्हणून लेकरे ते दाबून धरतात, वर पाण्याची बाटली ठेवतात. आपण ज्याला निष्काळजी हाताळणी म्हणता ती बहुधा हीच. मी एका सुट्या पानाचा चौकोन कापून एक बाजू ओली केली. कागद ज्या दिशेला गुंडाळला, त्यावरून ग्रेन (कागदातल्या तंतूंची दिशा) कण्याला आडवा आहे हे कळले. तो कण्याला समांतर हवा. आडव्या ग्रेनचा कागद ओलाव्याने कण्याच्या लांबीत वाढू पाहतो, गोंद त्याला वाढू देत नाही, आणि प्रत्येक पावसाळ्यात ही ओढाताण होते. शीटचा आकार पाहून कागद वाचवण्यासाठी फर्मा आडवा लावला असणार. त्यातून वाचलेले पैसे आता आमच्या खिशातून जात आहेत.

तीन प्रती आम्ही दुरुस्त करून घेतल्या, म्हणून दुरुस्ती काय असते तेही सांगतो. बाइंडरचाचांनी जुना हॉटमेल्ट पूर्ण काढला, कारण त्याच्यावर पांढरा गोंद धरत नाही. मग कणा कटिंग मशिनवर 2 मिलिमीटर कापला म्हणजे राहिलेल्या घड्या सुटल्या. गठ्ठा शिकंज्यात धरून आधी एका बाजूला पंख्यासारखा वाकवून पीव्हीए (पांढरा) गोंद लावला, मग दुसऱ्या बाजूला. अशाने गोंद प्रत्येक पत्र्याच्या कडेवर दोन्हीकडून केसभर आत जातो. जर्मनीत एमिल लुम्बेक यांनी 1930 च्या दशकात थंड गोंदाने बांधणी करण्याची हीच वाट रूढ केली. चाचांना ते नाव माहीत नाही, हात मात्र तसाच चालतो. कण्यावर करवतीने उथळ खाचा पाडून त्यांत सुती दोरा बसवला, वर जाळीचे कापड चिकटवले आणि रात्रभर दाबाखाली ठेवले. त्या तीन प्रती रोज वापरात आहेत, एक पान हललेले नाही. त्याच वाचकांच्या हातात आहेत, हेही नोंदवावे.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर सुचवलेले दोन उपाय मात्र आम्ही केले नाहीत. सेलोटेप पिवळी पडते, तिचा चिकटा शेजारच्या पानावर उतरतो, आणि ती काढताना छपाई निघून येते. बाजूने तार मारली तर सव्वातीन सेंटीमीटर जाडीचे पुस्तक उघडणारच नाही, कारण आपण आतला समास आधीच इतका कमी ठेवला आहे की 2 मिलिमीटर कापल्यावर काही ओळी कण्याला भिडल्या.

मागणी अशी. सर्व 40 प्रती बदलून द्याव्यात, पण त्याच छपाईच्या लॉटमधल्या नकोत. त्या घेऊन पुढच्या थंडीत पुन्हा हेच पत्र लिहायची आमची तयारी नाही. पाठवण्याआधी त्या लॉटच्या पान-ओढ चाचणीचा अहवाल द्यावा, दर सेंटीमीटरला किती न्यूटन ताण सहन झाला हे आकड्यात हवे. ते जमत नसेल तर उरलेल्या 37 प्रतींची गावातच पुनर्बांधणी करून घेऊ, त्याचे बाइंडरचे अंदाजपत्रक सोबत आहे. ती रक्कम आणि तीन प्रतींवर झालेला खर्च वाचनालयाच्या खात्यात जमा करावा. सवलतीचे कूपन नको. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाला लेखापरीक्षणात कूपन दाखवता येत नाही.

पुढच्या आवृत्तीसाठी पीयूआर परवडत नसेल हे मी समजू शकतो. त्याला वेगळी यंत्रणा लागते, तो हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो, आणि त्यासाठी साधारण एक दिवस माल थांबवावा लागतो. मग 864 पानी पुस्तकाला दोऱ्याची शिलाई तरी करा, किंवा दोन भाग करा. किंमत थोडी वाढली तर आम्ही देऊ. आमच्या कपाटात निजामाच्या काळातली शिवलेली पुस्तके आहेत, त्यांचा कागद तुटतो पण पाने गळत नाहीत.

ही खरेदी पुनर्विक्रीसाठी नव्हती, वाचनालयाच्या वापरासाठी होती. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष मालाबद्दल जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि संचालक मंडळाने तसा ठराव केला आहे. तिथे जाण्यात आम्हाला रस नाही. भरतीच्या जाहिराती निघाल्या आहेत आणि पुस्तके हातात हवी आहेत. परंतु या पत्रापासून 15 दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर ठरावाप्रमाणे कार्यवाही होईल. उत्तर देण्याआधी कुणी तंत्रज्ञ पाठवणार असाल तर अवश्य पाठवा. न उघडलेल्या सहा प्रती त्यासाठीच बाजूला ठेवल्या आहेत. त्याने स्वतःच्या हाताने कणा उघडून पाहावा.

आपला,
ग्रंथपाल
सार्वजनिक वाचनालय, जि. परभणी

सोबत: बिलाची प्रत, सुटलेल्या पानांची प्रतवार यादी, कण्यांची छायाचित्रे, हॉटमेल्टचा तुकडा, बाइंडरचे अंदाजपत्रक, संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत.