मी लावलेली झाडं

गोखलेनगर, पुणे
आषाढ शुद्ध पंचमी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून पत्र कशाला लिहिता, असं आई विचारते आहे. पण तू पहाटे पाचला निघतेस आणि रात्री जेवता जेवताच पेंगायला लागतेस. शिवाय समोरासमोर बसलो की माझ्या तोंडून भलतंच काहीतरी निघतं आणि खरं बोलायचं राहून जातं. म्हणून हे डब्याच्या पिशवीत ठेवतोय. दुपारी जेवण झालं की वाच.

परवा तुझी वही टेबलावर उघडी पडली होती. चहाचा कप ठेवायला मी ती सरकवली, तर आतला नकाशा दिसला. टेकडीचा पश्चिमेकडचा उतार, त्यावर लाल रेघांचे चौकोन आणि बाजूला तुझ्या अक्षरात 'गिरिपुष्प, विरळणी', म्हणजे ती झाडं तोडून कमी करायची. टेकडीवर मूळचं गवत आणि झुडपं परत आणायच्या कामाला लागल्यापासून महिनाभर तू घरात रोपांबद्दल, मधमाश्यांबद्दल, पावसाबद्दल एवढं सांगते आहेस, पण काम नेमकं कुठल्या उतारावर चालू आहे ते एकदाही बोलली नाहीस. ते का, हे तेव्हा कळलं.

ती झाडं मी लावलेली आहेत. तुला खांद्यावर बसवून दाखवली होती, तेव्हा तू तीन वर्षांची असशील. मला वाईट वाटेल म्हणून तू लपवलंस. बाळा, वाईट वाटलं ते लपवल्याचं. झाडांबद्दल काय वाटतं ते आता सांगतो.

१९८४ च्या पावसाळ्यात मी तेवीस वर्षांचा होतो आणि त्या उतारावर चाळीस माणसांचा मुकादम होतो. टेकडी तेव्हा उघडी होती. मुरूम, कातळ आणि गुरांच्या पायवाटा. आम्हाला एकच सांगणं होतं, टेकडी हिरवी करा. रोपं आली ती गिरिपुष्पाची, आपले लोक ज्याला उंदीरमारी म्हणतात ते झाड. मूळचं मध्य अमेरिकेतलं. खडकाळ जमिनीत जगतं, नुसती फांदी खोचली तरी फुटतं, सवय नसलेली गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नत्र जमिनीत येतो. मुकादमाला याहून चांगलं रोप कुठलं मिळणार? पहार आपटून हाताला घट्टे पडले, पण तीन-चार पावसाळ्यांत उतार हिरवागार झाला. सकाळी फिरायला येणारे लोक थांबून कौतुक करायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि तो अभिमान मी कित्येक वर्षं बाळगला.

जे कधी सांगितलं नाही ते असं. खड्डे घेण्याआधी आम्ही तो उतार साफ केला होता. करवंदाच्या जाळ्या, बोरी, वाऱ्याने वाकलेले खुरटे हिवर, रुईची झुडपं, सगळं उपटलं, पेटवलं. माझ्याच तोंडून दिवसभर निघायचं, 'साफ करा रे, साफ करा.' जेवढं साफ, तेवढी मोजणी आणि तेवढेच पैसे. गवत तर कोणी वनस्पतीत धरतच नव्हतं. पवन्या, मारवेल, कुसळी यांचं ते माळरान होतं, पण कागदावर ती पडीक जमीन होती. आणि मी कागदावरचंच खरं मानलं.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधी मी एकदा सावकाश तो उतार चढून आलो. घरी येऊन पायमोजे काढले तर एकही कुसळ अडकलेलं नव्हतं. तू शाळेत होतीस तेव्हा दुसऱ्या बाजूच्या उघड्या माळावरून उतरलो की तुझ्या पायमोज्यांतली कुसळं काढायला आईला अर्धा तास लागायचा. या उतारावर मात्र झाडांखाली सावली आणि पाचोळा, बाकी फारसं काही नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं. तुझ्या वहीमुळे नव्हे.

म्हणून सांगतो, तोड. माझ्याकडे बघून एकही झाड सोडू नकोस.

फक्त कसं तोडायचं त्याबद्दल मुकादम म्हणून दोन शब्द ऐक. एकदम उतार मोकळा करू नकोस. ऊन खाली पोचलं की आधी घाणेरी येते, रानमोडी येते, गाजर गवत येतं. हे गाजर गवत १९५०च्या दशकात पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आलं ते आपल्या पुण्यातच, आणि इथून ते कुठे कुठे गेलं ते तुला ठाऊक आहे. जेवढ्या जागेत त्याच आठवड्यात गवताचं बी आणि रोपं टाकता येतील, तेवढीच जागा उघड. बुंध्याला फुटवे येतील, आणि ते एकदा नाही, पुन्हा पुन्हा येतील. पुढच्या दोन पावसाळ्यांचे फुटवे काढायला माणसं कोण देणार, हे आत्ताच वरच्यांना विचारून ठेव. फांदीवर घरटं दिसलं तर ते झाड यंदा राहू दे. आणि पाला जाळू नका. सध्या भातखाचरांत चिखलणी चालू आहे, गिरिपुष्पाचा पाला भाताला उत्तम खत. तुझ्या टोळीतले वेल्ह्याचे दोघे भाऊ आहेत ना, त्यांना विचार. टेम्पो भरून नेतील.

परवानगीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेव. कुऱ्हाड चालताना दिसली की फिरायला येणारे लोक अंगावर येतील, व्हिडिओ काढतील. ते रागावतात ते टेकडीवर जीव आहे म्हणून. त्यांच्याशी तू स्वतः बोल, टोळीतल्या कोणाला पुढे करू नकोस. शक्य असेल तर त्यांना तुमचा तयार झालेला एखादा चौकोन दाखव.

तू मागे फोनवर कोणाला तरी सांगत होतीस की जगात मधमाश्यांच्या वीस हजारांवर जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जमिनीत, एकेकट्या राहतात. मी स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून ऐकत होतो. गणेशखिंड रस्त्यावर मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, १९६२ पासूनची. तिच्यावरून मी कित्येक वर्षं सायकलने गेलो, आणि माझ्या डोक्यात मधमाशी म्हणजे पोळं आणि मध, एवढंच होतं. तुझं ऐकल्यावर गावाकडच्या घराची मागची भिंत आठवली. मातीची भिंत, पूर्वेकडे तोंड. तिच्यात पेन्सिल जाईल एवढाली भोकं होती आणि सकाळी उन्हं आली की त्यांतून निळसर पट्ट्यांच्या माश्या बाहेर पडायच्या. तुझी आजी दर सणाला घर सारवायची, पण तेवढा भिंतीचा तुकडा सोडून द्यायची. मी विचारलं तर म्हणाली, 'त्यांचं घर हाय ते, आन् वांगी त्यांच्यामुळं धरत्यात.' मी ते म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून दिलं. आता तू सांगतेस की वांग्याच्या फुलातला पराग सहज सुटत नाही, फुलाला धरून अंग थरथरवणारी माशीच तो झटकून काढते, आणि पोळ्यातल्या मधमाशीला ते जमत नाही. आजीला हे शब्द माहीत नव्हते. तिने भिंत राखली होती.

तुमच्या उतारावरही मुरमाचे उघडे तुकडे असतील, दुपारच्या उन्हात तापणारे. त्यांत बारीक भोकं आणि भोकाभोवती रव्यासारखी माती दिसली, तर तिथे रोप लावू नका, पाचोळा पसरू नका, पाटीसुद्धा ठेवू नका. रोपांचा आकडा कमी भरेल. भरू दे. आकड्यासाठी मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

आता रुईचं. त्या दिवशी तू जेवताना चिडून सांगत होतीस की जनवाडीतल्या मावशींनी रुईची सगळी रोपं तण म्हणून उपटली आणि कॉलेजच्या मुलाने त्यांना सगळ्यांसमोर झापलं. मी तेव्हा गप्प बसलो. माझ्या मते चूक तुझी होती. त्या मावशींनी जन्मभर रुई उपटूनच मजुरी कमावली आहे. तू त्यांना फक्त 'हे उपटू नका' असं सांगितलंस. उद्या एक पान उलटं करून त्यांना ती काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दाखव आणि तिचंच पुढे ते केशरी फुलपाखरू होतं, प्लेन टायगर, हेही सांग. पान खाल्लेलं दिसलं की झाड रोगट, असं आम्ही सगळे धरून चालतो. तुझ्या कामात खाल्लेलं पान म्हणजे काम होतंय याची खूण आहे, हे त्यांना एकदा डोळ्यांनी दिसलं की त्या कॉलेजच्या मुलांपेक्षा बारीक राखण करतील. आणि त्या मुलाला सांग की मावशींची माफी सगळ्यांसमोरच मागायची.

कॉसमॉसचं अवघड आहे, ते मी कबूल करतो. भाद्रपदात ती केशरी फुलं डोंगरभर पसरतात, लोक फोटो काढायला गर्दी करतात आणि फुलपाखरंही त्यांवर बसतात. मग ही का उपटायची, असं तुझी माणसंसुद्धा विचारतील. तिथे फुलपाखरू मध पितं, पण अंडी घालायला त्याला रुई हवी, बोर हवी, लिंबाच्या कुळातलं झाड हवं, आणि कॉसमॉसच्या दाटीत ती झाडं उगवायला जागा उरत नाही. हे उन्हात उभं राहून दहा वेळा समजावावं लागेल. बी धरायच्या आत उपटा, तेवढं वेळापत्रक चुकवू नका.

हजेरीचं पुस्तक रोज संध्याकाळी स्वतः भर. पावसाने काम अर्ध्यावर थांबलं तर मजुरी पूर्ण की अर्धी, हे पहिल्या पावसाआधी ठरायला हवं होतं. ठरलं नसेल तर याच आठवड्यात लेखी घे. १९८६ मध्ये एका कंत्राटदाराने माझ्या टोळीची सहा आठवड्यांची मजुरी दिवाळी उलटेपर्यंत अडवून ठेवली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी एकेकाच्या दारात जाऊन उभा राहिलो. कोणी मला बोललं नाही, पाणी विचारलं. ते पाणी मला अजून आठवतं. तुमचं काम मृगापासून दिवाळीपर्यंतचं. त्यानंतर तुझ्या टोळीतल्या या अकरा जणांनी काय करायचं, हा प्रश्न तुझा नाही असं तुला कोणी सांगेल. निदान दोघा-तिघांना वणवा अडवायला जाळरेषा काढायचं आणि उन्हाळ्यात वणव्याच्या राखणीचं काम मिळतं का बघ. तुम्ही पेरलेलं गवत मार्चमध्ये वाळून काडी झालेलं असेल, तेव्हा टेकडी ओळखणारी माणसंच तिथे हवीत.

दगड उचलताना पलीकडची कड आपल्याकडे उचलायची, म्हणजे खाली फुरसं असलं तर मध्ये दगड राहतो. हे सगळ्यांकडून करवून घे, नुसतं सांगू नकोस. पाऊस सरला की आग्यामाश्या येतील. एक जरी चावली तरी डंखाला पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या पेटतात. तेव्हा तिथे उभं राहून डंख शोधत बसायचं नाही. तोंड झाकून दूर पळायचं, बंद जागेत किंवा गाडीत शिरायचं आणि मग डंख लगेच खरवडून काढायचा. पाण्यात उडी मारायची नाही, त्या वर वाट बघत राहतात. कोणाला माशी चावल्यावर पूर्वी श्वास लागला होता का, हे प्रत्येकाला बाजूला घेऊन विचार. गर्दीत माणूस सांगत नाही. आणि जवळचा दवाखाना किती मिनिटांवर आहे ते एकदा स्वतः गाडीने जाऊन बघून ये.

तू फुलपाखरं मोजायला ठरलेल्या वाटेने पंधरा मिनिटं चालतेस, त्या वेळी मावशींपैकी एकीला बरोबर घेत जा. वही तुझ्याकडे राहू दे, डोळे त्यांचे घे.

रविवारी मी वर येणार आहे. डॉक्टरांनी सावकाश चढायला हरकत नाही म्हणून सांगितलंय. माझी जुनी पहार घेऊन येतो, तुमच्या नव्या पहारी कातळावर वाकतात असं तूच म्हणालीस.

आणि एक मागणं आहे. खाणीकडे जाणाऱ्या वाटेवर, मोठ्या कातळाच्या डाव्या अंगाला एक गिरिपुष्प आहे, वरून वाळलेलं. त्या उतारावर मी लावलेलं ते पहिलं झाड. तुझ्या नकाशात त्यावर लाल रेघ आहे. पण गेल्या फाल्गुनात शेजारच्या काकांबरोबर मी रिक्षाने वरपर्यंत गेलो होतो, तेव्हा त्या वाळक्या फांदीत बोट जाईल एवढी गोल भोकं पाहिली आणि खाली भुसा सांडलेला. मी उभा असतानाच एक काळा भुंगा आत शिरला. तू स्वतः जाऊन बघ. अजून राहत असतील तर ते खोड तसंच उभं ठेव.

डब्यात सहा थालीपीठं आहेत, लोणी वेगळ्या डबीत. मावशींना दे.

तुझे,
अप्पा