पेनिशच्या सर्फिंगवाल्या दादांना, वाऱ्याच्या दिवसांबद्दल

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

पोर्तुगालच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारी नोर्ताडा सुटला, म्हणजे उत्तरेचा वारा, की पाणी विस्कटतं आणि बरीच शिकाऊ मंडळी बोर्ड गुंडाळतात. तुम्ही आम्हाला नेमक्या त्याच दिवसांत शिकवलंत. त्यासाठी हे जाहीर आभार.

शाळेच्या भूगोलातले खारे आणि मतलई वारे तुमच्यामुळे कामाला आले. जमिनीकडून येणारा मतलई वारा लाटेचं तोंड उभं धरतो, समुद्राकडून येणारा खारा वारा तिला वेळेआधी फोडतो. पेनिश समुद्रात घुसलेलं भूशिर आहे, त्यामुळे एक बाजू बिघडली तरी दुसरी बघता येते. उत्तरेचा वारा असेल तर दक्षिणेकडचा सुपरटूबुश किनारा, दक्षिणेचा असेल तर उत्तरेकडच्या बालेआल किनाऱ्याची बाजू. मात्र सुपरटूबुशची लाट उथळ वाळूवर आपटते, मोठ्या दिवशी नवख्याने तिथे काठावरच बसावं, हे तुम्ही ठणकावून सांगितलंत ते फार बरं केलंत.

लाटांचा अंदाज वाचताना उंचीच्या आधी पिरियड, म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारे सेकंद, बघायची सवय तुम्ही लावलीत. दीड मीटर आणि 7 सेकंद म्हणजे वाऱ्याने घुसळलेलं पाणी. एक मीटर आणि 13 सेकंद म्हणजे दुरून आलेली, अंतर राखून येणारी, ताकदीची लाट. पहिला आकडा मोठा दिसतो म्हणून माणूस फसतो.

खडबडीत पाण्यात 8 फुटी फोमचा बोर्डच घ्या, हा आग्रहही पटला. छोटा बोर्ड प्रत्येक उंचवट्यावर वेग गमावतो. झोपल्यावर बोर्डाचं नाक पाण्यापासून दोन-तीन बोटं वर हवं. नाक बुडतं ते बहुधा उशिरामुळे: लाट उभी राहून गेलेली असते आणि आपण तेव्हा उठायला बघतो. म्हणून खाऱ्या वाऱ्यात पाण्यात हात मारायला नेहमीपेक्षा दोन हात आधी सुरुवात करायची, उठताना तळव्यांनी बोर्डाच्या कडा न धरता ते छातीशेजारी सपाट टेकायचे. फारच बिघडलं तर कमरेइतक्या पाण्यात फुटलेल्या फेसावर नुसतं उठण्याचा सराव. वीस वेळा उठणं झालं की दिवस वसूल.

आणि ओहोटीला वाळूत दडणारा वीव्हर मासा! त्याच्या काट्यात विष असतं. टोचला तर बर्फ नाही, सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा. उष्णतेने वेदना उतरते.

बर्फ संध्याकाळच्या बाटलीसाठी. तीन-चार युरोंची व्हिन्यू व्हेर्द, म्हणजे पोर्तुगालची 'हिरवी वाईन', चांगली कशी निवडायची, हे एवढ्या नीट कुणी सांगितलं नव्हतं. नावातला 'हिरवा' म्हणजे रंग नव्हे, कोवळेपणा. म्हणून लेबलवर साल असेल तर सगळ्यात ताजं घ्यायचं. पारदर्शक, बिनरंगी काचेची बाटली दुकानाच्या दिव्याखाली उभी राहून बिघडते, तिला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. तेव्हा दुकानाच्या फळीवर मागच्या रांगेतली बाटली काढायची. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, मूठभर जाडं मीठ, वीस मिनिटं. नुसत्या बर्फात मोकळ्या जागा राहतात, पाणी बाटलीला चहूबाजूंनी बिलगतं. 8 ते 10 अंशांवर तिचा लिंबासारखा आंबटपणा आणि जिभेवरची बारीक चुरचुर जागी राहते. कोमट झाली की तीच वाईन ढिली लागते. सोबत भाजलेल्या तारल्या, जाड मिठाच्या. आणि वाईन नेहमी पाण्यातून बाहेर आल्यावर, आधी दोन ग्लास साधं पाणी पिऊन. यावर तुम्ही कधी सूट दिली नाहीत, त्याचेही आभार.

उरलेली वाईन लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवतो, दोन दिवस टिकते. वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा रबरी पोशाख, गोड्या पाण्यात खळबळून, उलटा करून, सावलीत. दोन्ही तुम्ही सांगितल्याप्रमाणेच.

आपले,
बालेआलच्या सकाळच्या तुकडीतले विद्यार्थी