सूचना : सुभेदारकाकांची स्मरणसभा, रविवारी सकाळी १० वाजता

सर्व सभासदांना नमस्कार,

आपल्या सुभेदारकाकांची स्मरणसभा येत्या रविवारी रामबागेतील आपल्या सभागृहात आहे. १९७१ च्या युद्धात ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. निवृत्तीनंतर इथे इंदूरच्या सियागंज बाजारात हार्डवेअरचं दुकान टाकलं. पण आपल्याला ते आठवतात ते गणेशोत्सवाच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब फळ्यावर लिहिणारे आणि रात्री-अपरात्री रुग्णाला एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयात पोचवणारे म्हणून. दुकानाची उधारी ते विसरत, मंडळाची कधीच नाही!

सभा वेळेवर सुरू होईल. त्यांच्या सभेला उशीर शोभणार नाही.

– बोलणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत सचिवांकडे नाव द्यावं. प्रत्येकी तीन मिनिटं. युद्धाच्या गोष्टी त्यांच्या पलटणीतले सोबती सांगतील, आपण शेजाऱ्यांनी आपल्या आठवणी सांगाव्यात.

– हार-फुलं आणू नयेत, ही घरच्यांची इच्छा आहे. द्यायचंच असेल तर सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला परस्पर द्यावं. दर ७ डिसेंबरला काका डबा घेऊन दारोदार फिरत, तोच हा निधी. सभागृहात रोख रक्कम घेतली जाणार नाही.

– सभेनंतर रक्तदान. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो. आधीच्या रक्तदानाला पुरुषांचे तीन, महिलांचे चार महिने झालेले असावेत. उपाशीपोटी येऊ नका, पोहे आहेतच.

जुने फोटो असतील तर मागे नाव लिहून द्या, परत मिळतील. गाड्या गल्लीत लावू नयेत.

– कार्यकारिणी