घरची नानकटाई भाजून देणाऱ्या भट्ट्या राहू द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की मला दरवर्षी एकच घोर लागतो, यंदा नानकटाई कुठे भाजून मिळणार. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या बेकरीत डबा घेऊन गेले, कितीतरी वर्षं तिथेच जात होते, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला मावशी आता बाहेरचा माल घेत नाही, तयार पॅकेट आहे ते न्या. फार वाईट वाटलं, तशीच घरी आले.

माझं लहानपण साताऱ्याचं. मे महिन्याची सुट्टी लागली की आणि परत दिवाळीच्या आधी, आई मैदा, रवा, साखर, डालडा असं सगळं पिशवीत भरायची आणि आम्ही भावंडं पत्र्याचा मोठा डबा दोन बाजूंनी धरून भट्टीवर जायचो. तिथे नंबर लागायचा. आधी पाव निघायचे कारण पावाला कडक आच लागते, आणि मग भट्टी उतरायला लागली की घरगुती बिस्किटांचे पत्रे आत जायचे. नानकटाईला तशीच उतरती आच हवी, जास्त झाली की वरून लाल आणि आतून कच्ची. प्रत्येक पत्र्यावर नावाची चिठ्ठी असायची तरी अदलाबदल व्हायचीच, शेजारच्या काकूंच्या वेलचीवाल्या आमच्या डब्यात आणि आमच्या जायफळाच्या त्यांच्याकडे.

करायला अवघड काहीच नाही, फक्त हाताला कळलं पाहिजे. तूप आणि पिठीसाखर सारख्या मापाने, मैदा त्याच्या दुप्पट, त्यातलाच थोडा कमी करून बेसन आणि बारीक रवा, चिमूटभर सोडा. तूप पातळ घ्यायचं नाही, थिजलेलंच घ्यायचं, नाहीतर सगळं पत्र्यावर पसरतं. आई परातीत तळहाताने तूप-साखर फेसायची, तिचा हात भरून आला की मला बसवायची, आणि पांढरं हलकं झालं की त्यातला थेंब वाटीतल्या पाण्यात टाकायची, तरंगला तर झालं, बुडाला तर अजून फेस म्हणायची. मग मैदा, पण मळायचं नाही, गोळा होईल इतकंच, पाणी अजिबात नाही. गोळा चपटा करताना कडेला चीर पडते ती पडू द्यायची. भट्टीतून निघते तेव्हा नानकटाई मऊच असते, नवीन माणूस तिथेच घाबरतो आणि परत आत टाकून करपवतो. गार झाली की आपोआप खुसखुशीत होते, पण पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायची नाही, वाफ धरली की सगळा डबा मऊ.

तेव्हा डालडा होता, आता मी साजूक तूपच वापरते, आणि नातवासाठी गव्हाच्या पिठाचा एक घाणा वेगळा. विकतच्या पॅकेटात हे कोण करून देणार?

ओव्हन घ्या म्हणतात सगळे. आहे माझ्याकडे, १६०-१७० डिग्रीला पंधरा-वीस मिनिटांत छान होतात, पण एका वेळी बारा-पंधराच. पाच किलोचं करायचं तर अख्खा दिवस ओव्हनपाशी उभं राहायचं, आणि ज्यांच्याकडे ओव्हनच नाही त्यांनी काय करायचं, कुकरमध्ये मीठ तापवून किती करणार.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इथल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून गॅससारख्या इंधनावर जायला सहा महिन्यांची मुदत दिली. धुराचं मला शंभर टक्के पटतं, माझ्याच घरात दम्याचा पेशंट आहे. पण भट्टी गॅसची झाली म्हणून घरची बिस्किटं बंद करायचं कारण नाही, गॅसवरही ती चांगली भाजतात. बेकरीवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे, दिवाळीआधीचे दोन आठवडे, पाव निघून गेल्यावर दुपारचे दोन तास घरच्या पत्र्यांना द्या, किलोमागे जी मजुरी असेल ती बाहेर पाटीवर लिहा, आम्ही आनंदाने देऊ.

आणि तुम्हाला विनंती की मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक, जिथे जिथे अजून भाजून देतात त्या भट्ट्यांची यादी वाचकांकडून मागवून पेपरात छापा. छापणार असाल तर दसऱ्याच्या आसपास छापा, म्हणजे मैदा-तूप आणून नंबर लावायला वेळ मिळेल.

आपली,
एक वाचक, मुंबई