संदर्भसूचीचा मराठी नमुना हवा

महोदय,

आमच्या डीटीपी सेंटरमध्ये मराठी आणि इतिहासाचे प्रबंध टाइप होतात. मजकूर भराभर होतो, गाडी अडते संदर्भसूचीपाशी. विद्यार्थी सांगतो, ‘ताई, विद्यापीठाच्या नियमात एपीए किंवा एमएलए एवढंच लिहिलंय, तुम्हीच बघा.’ या संदर्भ लिहिण्याच्या दोन पद्धती.

नेटवर मदत भरपूर आहे. पर्ड्यू विद्यापीठाचं ‘आउल’ हे संकेतस्थळ एपीएच्या नियमांची 2019 ची सातवी आवृत्ती फुकट समजावून देतं, संदर्भसूची तयार करून देणारं झोटेरो सॉफ्टवेअरही मोफत आहे. पण उदाहरणं सगळी इंग्रजी पुस्तकांची. झोटेरोत मराठी पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक टाकला, तर माहिती बऱ्याचदा परदेशी ग्रंथालयांच्या सूचीतून येते, तीही रोमन लिपीत. अक्षरांवर रेघा-टिंबं आणि शिरवाडकरांच्या शेवटी एक जादा ‘ए’! सगळं पुन्हा देवनागरीत करा. जुन्या पुस्तकांना तर आयएसबीएनच नसतो. आत नुसतं ‘शके 1832’ छापलेलं. त्याचं 1910 करायचं, की शकच ठेवायचा? कुसुमाग्रज ‘क’मध्ये लावायचे की ‘श’मध्ये? ज्ञानेश्वरीला अध्याय-ओवी द्यावी, तर प्रतीनुसार ओवीक्रमांक बदलतो. मग प्रत कोणाची, हे कुठे लिहायचं?

प्रकाशनस्थळावरून तर दर वेळी वाद. सातव्या आवृत्तीत एपीएने ते काढून टाकलं. इकडे मार्गदर्शक लाल शाईने ‘पुणे’ लिहून पानं परत पाठवतात. मला विचाराल तर मार्गदर्शकांचंच बरोबर आहे. छापखाना आणि गाव कळल्याशिवाय जुनं मराठी पुस्तक शोधणार कसं? पण मग नियमात एपीए कशाला?

अलीकडे काही जण एआयकडून सूची करून आणतात. त्यातलं एखादं पुस्तक कुठल्याच ग्रंथालयात मिळत नाही, कारण ते कधी छापलंच गेलेलं नसतं.

विद्यापीठांच्या मराठी अभ्यास मंडळांनी चार पानांची एक पीडीएफ संकेतस्थळावर टाकावी. पुस्तक, अनुवाद, दिवाळी अंकातला लेख, पोथी, हस्तलिखित, मुलाखत, प्रत्येकाचा एकेक मराठी नमुना त्यात असावा. सूची युनिकोडमध्येच (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत) द्या, असंही सांगावं. जुन्या फॉन्टमधली यादी संगणकाला अकारविल्हे लावता येत नाही, ते काम हातानं करावं लागतं. आणि नियमातलं ते ‘किंवा’ काढून टाकावं. एपीए की एमएलए, एकच काय ते सांगा.

– एक डीटीपी व्यावसायिक, बार्शी