पोहोच घेतलीस का?

मिनियापोलिस,
रविवार, रात्रीचे अकरा

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. रोज व्हॉट्सॲपवर बोलणारी ही बया आता कागद कशाला काळे करतेय, असं दादा म्हणणारच. तर त्याच्यामुळेच. मी तुमच्या लेकीच्या, चिमीच्या अठराव्या वाढदिवसाचा विषय काढला की दादा "हं, हं, बघू" म्हणतो आणि द्राक्षांवरच्या औषधावर जातो. पत्राला हं हं करता येत नाही. ते फाईलला लागतं. माझी एक मैत्रीण पुण्याला निघालीय, ती तिथून तासगावला टाकेल.

आधी माझ्या बंटीचं सांगते. तो आता नववीत गेला. इथे दरवर्षी त्याच्या शाळेत एक बैठक होते आणि वर्षभरात त्याला काय शिकवायचं, कोण शिकवणार, आठवड्याला किती मिनिटं, हे सगळं एका कागदावर लिहितात. त्या कागदाला आयईपी म्हणतात. मिनेसोटात नववीपासून मुलालाही बैठकीला बोलावतात. बंटी डोक्यावर टोपी ओढून माझ्या शेजारी बसला होता. अर्धा तास गप्प. मग एकदम म्हणाला, "फायर ड्रिलची घंटा माझ्या कानात दुखते." बस, एवढंच. पण ते लिहून घेतलं गेलं. आता ड्रिलच्या आधी त्याला आवाज कमी करायला कानावर लावायचं यंत्र देतात आणि दाराजवळ उभं करतात. सात वर्षं तो त्या दिवशी टेबलाखाली जाऊन बसायचा, आणि सात वर्षं आम्ही सगळे मोठे लोक "वर्तन समस्या" असं लिहीत होतो.

पहिल्या बैठकीत मात्र मी काय दिवे लावले, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. बंटी साडेतीनचा होता. टेबलाच्या त्या बाजूला सहा जण, या बाजूला मी एकटी, कारण ह्यांना ऑफिसातून निघता आलं नाही. सगळे इतके गोड बोलत होते की मला वाटलं, आपल्या पोरासाठी एवढी माणसं जमली हेच केवढं! पंधरा पानं पुढे सरकवली, मी न वाचता सही केली, वर तीनदा थँक्यू म्हटलं. घरी येऊन वाचलं तर बोलण्याच्या उपचाराला आठवड्याला फक्त वीस मिनिटं. ज्या मुलाला तेव्हा चार शब्द येत होते त्याला! आईची आठवण झाली. चिमीला पहिलीत घालताना त्या मुख्याध्यापकांसमोर आई हात जोडून उभी होती आणि ते मान वर न करता "आमच्याकडे सोय नाही हो" म्हणाले होते. मला तेव्हा आईचा राग आला होता. मी अमेरिकेत येऊन निराळं काय केलं? हात जोडले नाहीत, सही केली.

मग कुणीतरी मला पेसरचा फोन नंबर दिला. ही इथली पालकांचीच संस्था, १९७७ सालची, ब्लूमिंग्टनला आहे. तिथे फोन उचलणारी बाईसुद्धा बहुधा अशाच मुलाची आई असते. फी नाही. केंद्र सरकारच्या पैशातून प्रत्येक राज्यात असं निदान एक केंद्र चालतं, कारण कायदाच म्हणतो की आईबापांना कायदा समजला पाहिजे. त्या बाईने माझं रडणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही हे त्यांना लिहून कळवलंत का?" नाही. "मग तुम्ही सांगितलंच नाहीत." दादा, मी तिथल्या तिथे गप्प झाले. तुझंच वाक्य ते! शाळेतून जिल्हा परिषदेत कागद गेला की तू शिपायाला विचारतोस ना, पोहोच घेतलीस का?

त्यांच्या शिबिराला गेले तेव्हा शेजारी एक सोमाली बाई होती. चार मुलं, त्यातली दोन आपल्या बंटीसारखी. इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं, पण मांडीवर चार बोटं जाड फाईल, आणि त्यात शाळेला पाठवलेल्या प्रत्येक चिठ्ठीची झेरॉक्स, तारखेनुसार. दुभाष्या दिल्याशिवाय मी बैठकीला बसणार नाही, असंही तिने लेखी कळवलं होतं, आणि शाळेला द्यावा लागला. तिच्याकडून मी शिकले की आपण तपासणीला लेखी संमती दिली की इथे शाळेच्या तीस दिवसांत ती पूर्ण करावी लागते. शाळेने आधीच चालू असलेल्या आयईपीत बदल सुचवला तर हरकत घ्यायला चौदा दिवस मिळतात, आणि वाद चालू असेपर्यंत मुलाचं जे चालू आहे ते बंद करता येत नाही. मी पुन्हा बैठक मागितली, लेखी. वीस मिनिटांची साठ झाली. भांडण झालं नाही, आवाजसुद्धा चढला नाही.

आता दादा म्हणणार, तुमचं काय, श्रीमंत देश. थांब. इथला हा अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा १९७५चा, २९ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केली. त्याआधी या देशात दहा लाखांवर मुलं शाळेबाहेर होती, "सोय नाही" म्हणूनच. पेनसिल्व्हेनियात आईबापांची संघटना सरकारविरुद्ध कोर्टात गेली आणि १९७२ साली तडजोडीत शाळांची दारं उघडून घेतली, तिथून हे पुढे सरकलं. आणि पैसा म्हणशील तर जादा खर्चाच्या ४० टक्के देऊ असं केंद्राने तेव्हा कबूल केलं होतं, ते आजतागायत पुरं केलेलं नाही. शाळा सारख्या रडत असतात. म्हणून तर फाईल लागते.

बरं, आता चिमी. वहिनी, हे तुम्ही नीट वाचा, कारण दादा इथे चष्मा शोधायला उठेल.

चिमी अठराची झाली की कायद्याच्या लेखी ती सज्ञान. त्या दिवसापासून तुम्ही तिचे आईबाप, पण कायद्याने पालक नाही. बँक, जमिनीचा व्यवहार, कोर्टाचं काम, कुठेही "तुम्ही कोण?" असं विचारलं की तुमच्याकडे कागद हवा. तो मिळतो १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता, या चौघांसाठी तो कायदा आहे, चिमी त्यात बसते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा, म्हणजे सांगलीला. नेमणूक झाल्यावर पालकाने सहा महिन्यांत तिच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि पुढे दरवर्षी हिशेब. त्याला घाबरू नका, दादा शाळेच्या पोषण आहाराचा हिशेब ठेवतो त्यापुढे हे काहीच नाही. कुणी अडवलं तर सांगलीच्या कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. दिव्यांग व्यक्तीला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. १५१०० वर फोनही करता येतो.

पण एक विनंती. समितीपुढे जाल तेव्हा चिमीला बाहेर बाकावर बसवून जाऊ नका. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो की पालकाने तिच्याशी बोलून, तिच्या बरोबरीने निर्णय घ्यायचे. आणि तिला मतं आहेत, वहिनी. गल्लीतल्या सगळ्यांचे वाढदिवस तिला पाठ आहेत, शेंगदाण्याच्या चटणीत लसूण जास्त झाला की ताट सरकवते, सांगलीच्या कार्यशाळेत उदबत्त्यांपेक्षा कागदी पिशव्या करायला आवडतात असं तिने मलाच सांगितलंय. ते साहेबांना सांगू दे. आत्तापासून सही गिरवायला लावा. वाकडी आली तर वाकडी.

तिचा दिव्यांगत्वाचा जुना दाखला २०१२चा आहे ना, पांढरा, घडीवर फाटलेला? त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, करून घ्या, ऑनलाइन अर्ज करून सिव्हिलला तपासणी. तिला ७५ टक्के आहेत, म्हणजे पिवळं कार्ड येईल. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्याचं मी दोन वर्षं सांगतेय. वर्षाला एक लाखापर्यंत, आधीचे आजार आहेत म्हणून नाकारत नाहीत, डाऊन सिंड्रोमच्या मुलीला खाजगी कंपन्यांच्या दारात जे ऐकावं लागतं ते इथे नाही. आणि दादा, तू अजून जुन्या करप्रणालीत आहेस तर चिमीसाठी ७५ हजारांची वजावट मिळते. घेतोयस का? खरं सांग.

सर्वांत महत्त्वाचं तुझं पेन्शन. दोन वर्षांत तू निवृत्त होशील. तुमच्या दोघांनंतर, स्वतः कमावू न शकणाऱ्या मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळतं. पण त्यासाठी तिचं नाव आणि सरकारी डॉक्टरांचा दाखला तू असतानाच सेवापुस्तकात आणि पेन्शनच्या कागदात गेलेला बरा. नंतर तिच्या धाकट्या भावाला खेटे घालावे लागतील. "धाकटा बघेल" हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. धाकटा बघेलही, गुणी पोरगा आहे. पण त्याला बघायला सांगताना त्याच्या हातात काहीतरी द्या की. मृत्युपत्र करा. अभद्र काय त्यात?

आईलाही एक सांगायचंय, तुम्हीच सांगा, माझ्याशी ती रागावेल. मळ्यातला तुकडा ती बंटीच्या नावावर करायचं म्हणते. नको. इथे अपंग माणसाला सरकारी मदत मिळते ती त्याच्या नावावर दोन हजार डॉलरपेक्षा जास्त नसेल तरच. हा आकडा १९८९पासून जागचा हललेला नाही. आजीचं प्रेम त्याच्या नावावर चढलं की पोराची मदत बंद! म्हणून इथे लोक वेगळा ट्रस्ट करतात, शिवाय २०१४च्या कायद्याने एक खास बचत खातं निघालंय. ती जमीन तिने चिमीच्या सोयीसाठी, ट्रस्ट किंवा मृत्युपत्रात नीट लिहून ठेवली तर बंटीला काही वाईट वाटणार नाही. त्याला मळ्यातली फक्त पाण्याची मोटार आवडते.

आता जे लिहायला मी दोन रविवार घालवले ते. दादा, वहिनींनी मला सांगितलं, तू त्यांच्यावर ओरडू नकोस. जूनमध्ये तुझ्या शाळेत एक बाई आली होती, मुलगा कडेवर, सहा वर्षांचा, पाय ताठ. आणि तू तिला म्हणालास की इथे रॅम्प नाही, शिक्षक दोनच, तुम्ही मिरजेच्या विशेष शाळेत बघा. आवाज चढवला नसशील, चहाही पाजला असशील. मला ठाऊक आहे तुझ्या शाळेत खरंच दोन शिक्षक आहेत आणि संडासाचं दारसुद्धा तू पदरच्या पैशाने बसवलंस. तरीही. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत फुकट शिकायचा हक्क आहे, आणि यातलं कुठलं ते मुलाच्या पसंतीने ठरायचं, मुख्याध्यापकांच्या नाही. गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांना बोलाव. रॅम्पची मागणी वर पाठव, लेखी. नाही मिळाला तर दाराशी दोन फळ्या टाक, तू सुतारकाम जाणतोस.

बैठकीला मी जेव्हा त्या टेबलाशी बसते ना, तेव्हा समोरच्या सहा जणांत मला कधीकधी तू दिसतोस. दमलेला, चांगला माणूस. म्हणून मला त्यांच्यावर नीट चिडता येत नाही.

त्या बाईचं घर शोधणं अवघड नाही, वहिनींना वस्ती माहीत आहे. दिवाळीची सुट्टी लागायच्या आत जाऊन ये. प्रवेशाचा अर्ज तूच लिहून दे, तिला अंगठा किंवा सही करू दे आणि आवक क्रमांक घालून शिक्का मारलेली प्रत तिच्या हातात ठेव.

चिमीच्या वाती पोचल्या. पन्नास होत्या, ती म्हणते साठ. मी साठच म्हटलं.

आईला नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद, चिमीला गोड पापा.

तुमची,
ताई (चिमीची आत्या)

ता. क. गोडा मसाला संपत आलाय. मैत्रीण वीस तारखेला परत निघेल. आणि हो, जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिलात की त्या शिक्क्याचा फोटो मला पाठवा. चिमीला धरून काढा, तिला शिक्के आवडतात.